टिटवीचा पाय

त्या राज्यातली सगळी प्रजा एकाच रांगेत राहत असे. एका बाजूला तळं, दुसऱ्या बाजूला खाली उतरत गेलेली कुरणं आणि मधोमध मातीचा एक लांबच लांब बांध. त्या बांधावर ससा, सशाच्या शेजारी मेंढा, मेंढ्याच्या शेजारी म्हैस, अशी ज्याची त्याची जागा पिढ्यान्‌पिढ्या ठरलेली होती. ज्यांनी रांगेचं एक टोक पाहिलं होतं त्यांनी दुसरं पाहिलेलं नव्हतं, आणि त्यावाचून कुणाचं काही अडतही नव्हतं.

राज्य एका लांडोरीचं होतं. आपल्याला पिसारा नाही, तेव्हा आपल्याकडे कुणी वळून पाहणार नाही, हे तिला फार लवकर कळलं होतं. म्हणून तिने दुसऱ्यांना पाहण्याचं काम मनापासून अंगावर घेतलं होतं. बांधालगतच्या वाटेने तिचा मेणा निघे. चार सांबरं भोई म्हणून खांदा देत. मेण्याच्या बांधाकडच्या अंगाला एक झरोका होता, त्याला शिसवी झडप होती, आणि दुसरी बाजू पूर्ण बंद होती. राणी झरोक्याशी बसे आणि समोरून सरकणाऱ्या प्रजेचे मुजरे घेई. मेणा कधी निघेल, कुठून निघेल, मध्येच उलटा फिरेल का, हे राणीच्या लहरीवर असे.

मेण्याच्या आत, झरोक्याच्या चौकटीवर, एक दोरा ताणून बांधलेला होता आणि दोऱ्यात एक मणी होता. रांगेचा किती भाग मागे पडला आणि किती पुढे आहे, ते मण्यावरून कळे. मेणा पुढे गेला की मणी पुढे सरके. रांगेत नवी पाडसं, नवी कोकरं आली की रांग लांबे, आणि मणी आपोआप थोडा मागे येई. तो कसा सरकतो हे कुणालाच सांगता येत नसे. राणीचा मात्र राज्यातल्या कोणत्याही मंत्र्यापेक्षा त्या मण्यावर अधिक भरवसा होता.

राणीच्या आजीने घालून दिलेला एकच कायदा होता. झरोका समोर आला असताना एखाद्याने पाय उचलून धरला, तर त्याची फिर्याद आहे असं समजायचं. मग मेणा थांबलाच पाहिजे, आणि त्याचं म्हणणं ऐकल्याशिवाय हलता कामा नये.

आता या सगळ्यात वाईट असं काही नव्हतं, फक्त प्रजा वाढत गेली होती. मेणा केव्हा येईल याचा नेम नाही, म्हणून सगळे पहाटेपासून नटूनथटून आपापल्या जागी उभे राहत. समोर हिरवीगार कुरणं आणि पोटात कावळे, अशी सगळ्यांची अवस्था होती. एकाने अवघडून पाय सरकवला की शेजाऱ्याला सरकावं लागे, मग त्याच्या शेजाऱ्याला, असं करत पार शेवटच्यापर्यंत सगळी रांग कुरकुरत सरके. एवढ्या सगळ्यांच्या भाराने बांध खचू लागला. लगतची वाट चिखलाने भरली. सांबरांचे पाय गुडघ्यापर्यंत रुतत, आणि मेणा सकाळी निघून दुपारपर्यंत एका म्हशीच्या पुढे जात नसे. राणी म्हशीकडे पाहून पाहून कंटाळली, आणि म्हैसही राणीला कंटाळली.

तेव्हा कारभाऱ्याने डोकं चालवलं. कारभारी म्हणजे मुंगूस. चपळ, कामाला वाघ, आणि कुणी विनाकारण उभं राहिलेलं त्याला बघवत नसे. एक दिवस तो मेण्याच्या टपावर बसला आणि वरून झरोक्याकडे पाहत राहिला. इतकी वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असलेली गोष्ट त्याच्या ध्यानात आली. झरोक्यातून एका वेळी सातआठ जणच दिसतात. मग बाकीचे कुणासाठी उभे आहेत?

त्याने सरड्यांना बोलावलं. त्या राज्यातले सरडे नुसता रंगच बदलत नसत, हवे तेवढे फुगत आणि हवे तेवढे आकसतही. त्यातले निवडक, हुशार असे मूठभर सरडे त्याने घेतले आणि त्यांना काम समजावून दिलं. झरोक्यासमोर तुम्ही उभं राहायचं. ज्याची जागा असेल त्याचं सोंग घ्यायचं. मेणा पुढे सरकला की झरोक्याच्या मागच्या कडेला जो असेल त्याने मेण्याच्या आंधळ्या बाजूने धावत पुढच्या कडेला यायचं आणि पुढच्याचं सोंग घेऊन उभं राहायचं. राणी उलटी फिरली तर उलटं धावायचं. दोन्ही कडांना एकेक जण जास्तीचा तयार ठेवायचा, म्हणजे राणीने मान जरा बाहेर काढली तरी पंचाईत नको. सोंग कुणाचं घ्यायचं ते मेण्याच्या दांडीवर बसलेली मैना सांगणार. तिला एकदा शिकवलं की ती जन्मात विसरत नसे.

बाकी सगळ्या प्रजेला त्याने सुट्टी दिली. "खाली कुरणात जा, चरा, झोपा, पोरंबाळं सांभाळा. जागा ज्याची त्याचीच राहील. तिच्यावर कुणी पाय ठेवणार नाही की ती वीतभरही आखडणार नाही." हे शेवटचं त्याने मण्यासाठी केलं होतं. बांधाची लांबी तितकीच राहिली तर मण्याला काय कळणार?

आणि खरोखरच राज्याचा कायापालट झाला. बांध हलका झाला, वाट सुकली, मेणा पाण्यावरच्या होडीसारखा सरसर चालू लागला. प्रजेच्या अंगावर मांस चढलं. राणी एका दिवसात इतकं राज्य पाही की संध्याकाळी तिची मान दुखे. कारभाऱ्याचं सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं, आणि ते कौतुक खोटं नव्हतं.

या सरड्यांमध्ये पालवी नावाची एक सरडी होती. सोंग घेण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. मैनेने "पुढे ससा, डाव्या कानाला चीर!" असं म्हणायचा अवकाश, की पालवीच्या कानाला चीर पडलेली असे, आणि वर मिशीसुद्धा थरथरत असे. तिला या गोष्टीचा अभिमान होता. एकच भीती तिच्या मनात घर करून होती, ती करड्यांची. राणीने कधी मेणा भरधाव हाकायला सांगितला, तर पुढच्या सोंगाला वेळ पुरत नसे आणि झरोक्यात नुसता मोकळा बांध दिसण्याचा धोका असे. त्यासाठी कारभाऱ्याने काही सरडे वेगळे काढले होते. त्यांनी कुणाचंच सोंग घ्यायचं नाही. करड्या रंगाचं, बिननाकाडोळ्याचं काहीतरी होऊन नुसती जागा भरायची, म्हणजे राणीला वाटावं की कुणीतरी आहे, डोळ्यांना नीट दिसलं नाही इतकंच. ज्याचं काम चुकलं त्याची रवानगी करड्यांत होई. आणि करड्यांत गेलेल्या सरड्याला पुढे पुढे स्वतःचा रंगही आठवेनासा होई, असं म्हणत.

कामाचा एक नियम कारभारी रोज बजावत असे, तो म्हणजे पुसून येण्याचा. आंधळ्या बाजूला वाटेच्या कडेने ओली वाळू पसरलेली होती. जुनं सोंग सोडलं की त्या वाळूत लोळायचं, अंग कोरं करायचं, आणि मगच नवं सोंग घ्यायचं. घाईत कुणी नीट पुसलं नाही तर भलताच घोटाळा होई. एकदा विधवा शेळीचं सोंग करून आलेला एक सरडा डोळ्यांतलं पाणी तसंच घेऊन नवरदेव बोकड म्हणून उभा राहिला होता. राणीने सबंध आठवडा त्या बोकडाची काळजी केली.

एके दिवशी मैनेने हाक दिली, "पुढे टिटवी! पिवळे पाय, एक पाय वर, चोच मिटलेली!"

पालवी टिटवी झाली. टिटवीबद्दल त्या राज्यात दोन गोष्टी सर्वांना पाठ होत्या. एक, टिटवीचं ओरडणं अशुभ, म्हणून कारभाऱ्याने मैनेला शिकवताना टिटवीची चोच मिटलेलीच सांगितली होती. राणीच्या कानावर भलतंसलतं कशाला? दुसरी, टिटवीला वाटतं की आभाळ आपल्या अंगावर पडेल, म्हणून ती ते धरायला पाय वर करते. लहान पिल्लंसुद्धा एक पाय वर करून टिटवीला चिडवत. तेव्हा पालवीनेही पाय वर केला आणि डोळे मिटले. झरोका समोर आला तशी राणी आतून हसली आणि म्हणाली, "धर गं बाई, नीट धर. तुझ्याच जिवावर आहोत आम्ही सगळे."

तेवढ्यात पालवीच्या पायाशी कुणीतरी बोललं.

"सोंग झकास घेतलंस. माझं रडणंही घे की."

पालवीने मान न हलवता एक डोळा मागे फिरवला. सरड्यांना ते जमतं. मागे बांधाच्या खोलगट जागेत खरी टिटवी उभी होती. सगळी प्रजा कुरणात उतरली तेव्हा हीच एक गेली नव्हती, कारण टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात आणि आपली जागा सोडत नाहीत. तिच्या पोटाखालची पिसं भिजलेली होती. एक पाय वर होता. दुसरा मातीत घोट्याच्या वरपर्यंत रुतलेला होता आणि त्याच्या भोवतीने पाणी झिरपत होतं. शेजारी दगडावर तिने अंडी लोटून ठेवली होती. पाणी दगडाच्या कडेला लागलं होतं.

"बांधाला भोक पडलंय," टिटवी म्हणाली. "पूर्वी एवढे पाय तुडवायचे, माती घट्ट राहायची. आता इथे खेकड्यांचंच राज्य आहे. मी ओरडून ओरडून खालच्यांना सांगितलं, तर थुंकून घरात गेले. पाय काढला की पाणी घुसेल. पहिल्यांदा माझी अंडी जातील. मग खालचे."

"मग पाय उचल ना फिर्यादीचा!" पालवी पुटपुटली.

"उचललाच आहे की! किती दिवस झाले. सगळ्यांना वाटतं, आभाळासाठी."

झरोका पुढे सरकला. पालवीला धावणं भाग होतं. ती आंधळ्या बाजूला गेली, वाळूत लोळली, पण मन ठिकाणावर नव्हतं. पुढचा मेंढा म्हणून उभी राहिली तेव्हा बाकी सगळा मेंढा बरोबर होता, फक्त एक पाय पिवळाधमक राहिला होता.

"अगंबाई," राणी आतून म्हणाली, "मेंढ्याला हळद लागली वाटतं!"

त्या संध्याकाळी कारभाऱ्याने पालवीला पुढ्यात उभं केलं. कारभारी दुष्ट नव्हता. तो रागावला तोही एखाद्या चांगल्या कारागिराकडून काम बिघडलं की रागवावं तसा.

"सोंगात सोंग मिसळलंस. तू? दुसऱ्या कुणाकडून झालं असतं तर मी समजू शकलो असतो."

पालवीने त्याला टिटवीची सगळी हकीकत सांगितली. भोक, पाणी, दगडावरची अंडी. कारभाऱ्याने ती शेवटपर्यंत ऐकून घेतली.

"मैनेला तसं काही शिकवलेलं नाही," तो म्हणाला.

"मैनेला शिकवलं तेव्हा भोक नव्हतं, कारभारी."

"आणि टिटवी पाय वर धरते ती आभाळासाठी. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. उद्या तू म्हणशील, कोंबडा आरवतो तोही फिर्यादीसाठी. हे बघ पालवी, एकेकाचं ऐकायला थांबलो तर पुन्हा तो चिखल, पुन्हा ती उपासमार. तुला आठवत नाही का? आता यापुढे एकही डाग दिसला तर मला तुला करड्यांत टाकावं लागेल. मला ते आवडणार नाही."

पालवीला झोप लागली नाही. कारभारी म्हणतो त्यात खोटं काहीच नव्हतं, हाच खरा त्रास होता. उपाशी दिवस तिलाही आठवत होते. टिटवीचं सोंग पुन्हा घेऊन कितीही पाय वर केला, अगदी रडून आकांत केला, तरी राणी हसून पुढे जाणार होती, कारण टिटवीच्या अंगावर तो पाय म्हणजे टिटवीची खोड होती. पण मेंढ्याच्या अंगावर पिवळा पाय दिसला तेव्हा राणीने दोनदा पाहिलं होतं. पालवी अंधारात स्वतःच्या पायाकडे बघत बसली, आणि तिला एकाएकी इतकी भीती वाटली की ती पानाच्या रंगाची, मग मातीच्या रंगाची, मग पुन्हा पानाच्या रंगाची झाली. काय करायचं ते तिला कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी राणीचा मेणा टिटवीच्या जागेपासून पार दूर, रांगेच्या वरच्या अंगाला निघाला. "पुढे म्हैस! कपाळावर चांद!" मैना ओरडली. पालवी वाळूत लोळली, सगळं अंग कोरं केलं, आणि एक पाय मात्र वाळूला लागू दिला नाही.

झरोक्यात म्हैस आली. काळीभोर, कपाळावर चांद, आणि एक पिवळा, काडीसारखा पाय पोटाशी वर धरलेला.

राणी पुढे झुकली. टपावरून मुंगसाने घाईघाईने आवाज दिला, "चला, चला! म्हशीच्या पायात काटा रुतलाय!" सांबरांनी पाऊल उचललं.

पालवी आंधळ्या बाजूने जिवाच्या आकांताने धावली. थोड्याच वेळात झरोक्यात हरीण आलं. ठिपकेदार, पाणीदार डोळ्यांचं, आणि तोच पिवळा पाय वर धरलेलं.

"काटा!" मुंगूस ओरडला.

मग बकरी आली. तिचाही तोच पाय, तसाच वर.

झडपेवर चोचीचा आवाज झाला. मेणा थांबला. इतक्या दिवसांत तो वाटेत प्रथमच थांबत होता, त्यामुळे सांबरंही गोंधळून एकमेकांकडे पाहू लागली.

"कारभारी," राणी आतून शांतपणे म्हणाली, "एकच काटा तिघांच्या पायात कसा रुतला?"

राणीने मान बाहेर काढली आणि बकरीला विचारलं, "पाय उचलला आहेस. आजीचा कायदा आहे. बोल, हा पाय कुणाचा?"

भीतीने बकरीचा रंग उतरू लागला. आधी शिंगं गेली, मग दाढी गेली, आणि राणीच्या डोळ्यांदेखत तिथे एक सरडी उभी राहिली. पाय मात्र अजून पिवळाच होता.

"टिटवीचा, राणीसाहेब."

"टिटवी आभाळ धरते."

"नाही, राणीसाहेब. ती तुम्हाला बोलावतेय. केव्हापासून बोलावतेय."

बकरी कुठे गेली, हे राणीने विचारलं नाही. तिने मान आत घेतली आणि सांबरांना म्हणाली, "उलटे फिरा. टिटवीच्या जागेकडे. आणि जेवढं पळवेल तेवढं पळा."

सांबरं पळाली. पाळीचे सरडे धापा टाकत मागे धावले, पण त्या वेगाला कुणाचे पाय पुरणार? पहिल्यांदा झरोक्यातले ससे, मेंढे, म्हशी अर्धवट दिसू लागल्या, कुणाला डोकं नाही, कुणाला शेपूट नाही. मग नुसते करडे दिसले, बिननाकाडोळ्याचे, एकामागून एक. मग करडेही मागे पडले. मैना दांडीला घट्ट धरून पाठ केलेली नावं घेत होती, "ससा! मेंढा! खार! साळिंदर!" आणि प्रत्येक नावाला झरोक्यात रिकामा बांध येई, त्याच्या पलीकडे तळं. राणी पाहत होती. कुठेच कुणी नव्हतं. वर दोऱ्यावरचा मणी मात्र जराही न अडखळता, अगदी बरोबर हिशेबाने, मागे मागे सरकत होता. तिला रडू आलं, आणि ती मोठ्याने रडली.

मेणा टिटवीच्या जागी आला तेव्हा झरोक्यात शेवटी एक जण दिसली. पोटापर्यंत पाण्यात, एक पाय वर, चोच उघडी. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. दगडावरचं एक अंडं पाण्याने नेलं होतं, उरलेल्यांवर ती पंख धरून उभी होती.

राणी आयुष्यात पहिल्यांदा मेण्यातून खाली उतरली. तिचे पाय चिखलात गेले.

"दुसरा पाय कुठे आहे तुझा?" तिने विचारलं.

"भोकात," टिटवी म्हणाली.

भोक बुजवायला, अंड्यांखालचा सोडला तर, जवळपास ना दगड होता ना लाकूड. ओंडके होते ते खाली कुरणात, आणि ते आणायला जावं तर पाणी थांबणार नव्हतं. राणीने मागे वळून मेण्याकडे पाहिलं. बाहेरून तिने आपला झरोका कधी पाहिलेला नव्हता. तो किती लहान होता! तिचा एक पंख पसरला असता तर झाकून गेला असता. ती सांबरांना म्हणाली, "ती झडप उपटा."

थोरल्या सांबराने शिंग घालून शिसवी झडप चौकटीसकट उपटली. टिटवीने पाय बाहेर ओढला, आणि पाण्याची चिळकांडी उडायच्या आत सांबरांनी खुरांनी झडप भोकात ठोकली. तोवर मागून सरडे येऊन पोचले, सोंगं गळून पडलेली, सगळे आपापल्या रंगाचे. पालवी सर्वांत आधी चिखलात शिरली आणि फटीत अंग फुगवून बसली. तिच्या मागून बाकीचे बसले. करडेही बसले. मुंगूस टपावरून उतरला होता. तो पंजांनी माती ओढून आणत होता आणि थापत होता.

पाणी थांबलं. टिटवीचा भोकातला पाय पांढराफटक पडला होता, तो तिला टेकवता येईना. म्हणून तिने वर धरलेला पाय हळूच खाली घेतला आणि त्याच्यावर उभी राहिली. सगळ्यांनी नकळत वर पाहिलं. आभाळ जिथल्या तिथे होतं.

त्यानंतर राणीने सोंगांची रांग मोडली नाही. कारभाऱ्याने तिला समजावून सांगितलं, आणि या खेपेस काही झाकलं नाही. सगळ्यांना पुन्हा बांधावर उभं केलं तर बांध खचेल, पोरं उपाशी मरतील. राणीला ते पटलं. सोंगं चालू राहिली. एवढंच ठरलं की सरड्यांनी संध्याकाळी कुरणात उतरायचं, ज्याचं सोंग घ्यायचं त्याला भेटायचं, मैनेलाही बरोबर न्यायचं, आणि ज्याची फिर्याद असेल त्याचा पाय सोंगात आणायचा. पालवीला करड्यांत टाकण्याची गोष्ट पुन्हा कुणी काढली नाही. मेण्याला मात्र नवी झडप बसवली गेली नाही. त्या अंगाला एक मोठं भगदाड राहिलं, आणि त्यातून राणीला पूर्वीपेक्षा पुष्कळ दिसे. सरडे धावताना दिसत. वाळूत लोळताना दिसत. मेण्याच्या पुढचा मोकळा बांधही दिसे.

पहिल्या फेरीला मेणा निघाला. मैना म्हणाली, "पुढे ससा, डाव्या कानाला चीर, एक पाय वर!" तिचा आवाज थोडा चाचरला, कारण ते शेवटचं ती आदल्या संध्याकाळीच शिकली होती. पालवी ससा होऊन उभी राहिली आणि तिने पाय उचलला. हा पाय पिवळा नव्हता, सशाचाच होता. तिच्या शेजारच्या मेंढ्याने पाय उचलला. त्याच्या पलीकडच्या म्हशीने उचलला. जेवढे भगदाडातून दिसत होते तेवढे सगळे तीन पायांवर उभे होते.

राणीने चोच आपटली. मेणा थांबला आणि थांबूनच राहिला. एकेकाची फिर्याद ऐकता ऐकता ऊन डोक्यावर आलं. पालवीला आंधळ्या बाजूने धावायचं नव्हतं, वाळूत लोळायचं नव्हतं. कामाला लागल्यापासून प्रथमच ती एका जागी इतका वेळ उभी होती, आणि नुसतं उभं राहण्यानेही पाय दुखतात हे तिला नव्याने कळत होतं.

मेणा थांबल्याची बातमी कुरणात पोचायला तेवढा वेळ पुरला. पालवीच्या मागे गवत सळसळलं. कुणीतरी धापा टाकत बांध चढून आलं आणि तिच्या खांद्याशी उभं राहिलं. तिने एक डोळा मागे फिरवला. ससा होता. डाव्या कानाला चीर होती, आणि उजव्या कानालाही आता एक नवी चीर होती, जी मैनेने सांगितलेली नव्हती.

"जरा सरक गं," ससा म्हणाला. "माझी जागा आहे ना ही?"

पालवी सरकली. तिला जागा व्हावी म्हणून मेंढा सरकला, मग म्हैस सरकली. मेणा वाटेवर जागच्या जागी उभा होता, आणि त्याच्या आत दोऱ्यावरचा मणी किंचित हलला.